दुसरी खेप

पहिल्या बाळंतपणाची बाई अख्ख्या घराची असते. दुसऱ्या बाळंतपणाची बाई आपली आपण असते, आणि खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटतं. अशा वहिन्या, नणंदा, मावस-मामेबहिणी घरोघरी आहेत. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, पोट पुढे, आणि चेहऱ्यावर भाजीला निघाल्याचा भाव. आमच्याकडे ही भूमिका सध्या माझ्या वहिनीकडे आहे.

पहिल्या वेळी दादाने मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. दर सोमवारी सकाळच्या चहाला तो घोषणा करायचा, "आज बाळ लिंबाएवढं झालं." मग संत्र्याएवढं, मग वांग्याएवढं. आई त्या दिवशी वांग्याची भाजी करायची नाही. पपईला तर घराच्या दारातही मज्जाव होता. रिक्षात दादा ड्रायव्हरच्या खांद्याशी वाकून बसायचा आणि प्रत्येक खड्डा त्याला आधी सांगायचा, जणू तो बिचारा या रस्त्यावर नवाच आला होता. डोहाळजेवणाला फुलांचे दागिने, चंद्रकोर, धनुष्यबाण, झोपाळा सगळं झालं. झाकलेल्या वाट्यांतून वहिनीने बर्फी उचलली आणि झाले चिरंजीव, तेव्हापासून त्या वाट्यांवरचा सगळ्यांचा विश्वास उडाला.

आता कुणी विचारलं, "कितवा गं?" तर वहिनी आधी बोटं मोजते. "सहावा... थांबा हं, सातवा लागला का? भावजी, आज तारीख काय?" ते ॲप दादाच्या मोबाइलमधून केव्हाच गेलं. चिरंजीवांचे व्हिडिओ ठेवायला जागा पुरेना म्हणे. डोहाळजेवणाचं दुसऱ्यांदा कुणी नावही काढलं नाही. सरकारसुद्धा याच वळणाचं. मातृवंदना योजनेत पहिल्या वेळी पात्र आईला पाच हजार मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार, नाहीतर नमस्कार. नाही म्हणायला एक सवलत आहे. तीन वर्षांच्या आत दुसरी खेप असेल तर धनुर्वाताची दोन इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत, एका बूस्टरवर भागतं. वहिनी हे मोठ्या भिशीत नंबर लागल्याच्या आनंदात सांगते.

डॉक्टरांनी कोणती तारीख दिली आहे, असं विचारलं की ती म्हणते, "ऑगस्टअखेर. बघू." हे "बघू" तिचं हुकमी पान. नाव काय ठेवणार? बघू. रजा किती टाकणार? बघू. पाळणा जुनाच वापरणार का? यावर मात्र ती "बघू" म्हणत नाही. "मग काय नवा घेणार?" असं उलट विचारते, आणि विचारणारा गप्प बसतो.

मे महिन्यात तिला माहेरी जायचं होतं. माहेर कुडाळजवळ. आंबे, फणस आणि तिची आई, या क्रमाने. दादाला सुट्टी मिळेना, म्हणून सोबतीला मी. मी अविवाहित असल्यामुळे घरात माझ्या वेळेला किंमत नाही. तिकीट मांडवी एक्स्प्रेसचं, ठाण्याहून.

पिशवी भरताना मी पाहिलं. चिरंजीव सहा महिन्यांचे असताना हाच प्रवास गाडी ठरवून झाला होता. तेव्हा दादाने थर्मास, इलेक्ट्रिक किटली, बाटल्या उकळायचं यंत्र आणि आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगणारं प्लॅस्टिकचं पिवळं बदक घेतलं होतं. ते बदक आता चिरंजीवांच्या चपलेखाली नांदतं. या वेळी एक कापडी पिशवी. आत स्टीलचे दोन डबे, एकात मेतकूट-भात, दुसऱ्यात दशम्या. एक वाटी, जिच्यात चिरंजीव खातात, पाणी पितात आणि उरलेल्या वेळात जी वाजवतात. जुन्या लुगड्याची दोन दुपटी. आलेपाक. डायपर. एक सुती ओढणी. आणि घडी घालून ठेवलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. "प्रवासात माणूस विसरला तर चालेल, रिकामी पिशवी विसरायची नाही," असं तिचं मत आहे आणि पनवेलच्या पुढे ते मला पूर्ण पटलं. का पटलं ते इथे सांगत नाही.

एवढी बेफिकीर दिसणारी ही बाई, पण पिशवीत सगळ्यात वर, बिस्किटांच्या पुड्याला लागून, डॉक्टरांची फाइल होती. रक्तगट, सोनोग्राफीचे रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी. प्रवासाची परवानगी तिने आठवडाभर आधीच विचारून घेतली होती. डॉक्टरांनी पाणी पीत राहा आणि अधूनमधून डब्यात चाला असं सांगितलं होतं. "चालायचं काय सांगतात," वहिनी म्हणाली, "हा असताना बसते कोण?"

ठाण्याला गाडी फार थांबत नाही. वहिनीने ओढणीचं एक टोक चिरंजीवांच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि गर्दीत उभी राहिली. चढल्यावर तीच ओढणी खिडकीला उन्हाचा पडदा झाली, मग पांघरूण झाली, मग दशमीचं तूप पुसायला आली. मी वरच्या बर्थवर नवी बॅग ठेवून तिची चेन शोधत होतो, तोवर वहिनीने वाटी, चमचा आणि पोर यांना आपापल्या जागी बसवलं होतं.

जागेवरून आठवलं. रेल्वेच्या हिशेबात पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणून त्याला बर्थही नाही. चिरंजीव सव्वादोन वर्षांचे. स्वतःचा बर्थ नसल्यामुळे त्यांनी डब्यातले सगळे वापरले. गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, पंचेचाळिशीपुढच्या बायका आणि ज्येष्ठ नागरिक यांच्याबरोबर. वहिनीला तो मिळाला होता. त्यावर बसल्या समोरच्या काकू, चिरंजीव, चिरंजीवांची वाटी आणि त्यांचे दोन्ही बूट. वहिनी कडेला टेकली.

अशा प्रवासात एक काकू असतातच. तिकिटाबरोबर येतात. काकूंनी पोटाकडे बघितलं, मग पोराकडे, आणि निर्णय दिला, "दुसरं ना? मग काय, सोपं असतं." वहिनी हसली. आतून ती काय म्हणाली असेल हे मला तिच्या दशमी मोडण्यावरून कळलं. मग काकूंनी पोट कुठल्या बाजूला झुकलंय ते पाहून मुलगा की मुलगी हेही सांगितलं. गर्भलिंग सांगायला १९९४ च्या कायद्याने डॉक्टरांना बंदी आहे, काकूंना नाही. वहिनी म्हणाली, "जे होईल ते रात्री जागवणारच."

"आणि राजा, तुला काय हवं? भाऊ की बहीण?" काकूंनी चिरंजीवांना विचारलं. चिरंजीवांनी विचार केला. हातातलं बिस्कीट त्यांनी दोन बोटांत धरलं, वहिनीच्या पोटाशी नेलं आणि बेंबीच्या जागी दाबलं. थोडा चुरा पडला. त्यांनी तोही बोटाने पुसून पुन्हा साडीवर दाबला. "बाळा, खा."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा हो, आत्तापासून किती माया!"

"माया कसली," वहिनी म्हणाली, "त्याला ते बिस्कीट आवडत नाही."

मला शांत बसवेना म्हणून मी माहिती काढली. २०२२ च्या मे महिन्यात रेल्वेने लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटा, घडी होणारा बर्थ लावून पाहिला होता. मी मोबाइलवर फोटो दाखवला. वहिनीने नीट पाहिला, पट्टा कुठे आहे तो पाहिला. "झोपलेलं बाळ कुठेही झोपतं, भावजी. न झोपणाऱ्याचं काहीतरी काढा म्हणावं."

तिचं स्वतःचं संशोधन वेगळं आहे. कोकण रेल्वेवर नव्वदीच्या वर बोगदे आहेत. बोगदा आला की वहिनी म्हणते, "रात्र झाली, डोळे मीट." चिरंजीव मिटतात. उजेड आला की "सकाळ झाली!" असं ओरडून उठतात, दात घासल्यासारखं करतात, दूध मागतात. खेडच्या पुढे त्यांचा जवळजवळ आठवडा पार पडला. वहिनी दर वेळी तेवढ्याच गांभीर्याने "शुभ रात्री" म्हणत होती. मला मात्र तिसऱ्या रात्रीनंतर झोप येऊ लागली होती. तिची सगळी भिस्त कर्बुड्याच्या बोगद्यावर होती. तो रत्नागिरीच्या अलीकडे, साडेसहा किलोमीटरचा. अंधार लांबला, चाकांचा आवाज घुमला, चिरंजीवांना ती रात्र खरी वाटली आणि ते झोपले. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोगदा तिनेच खणलाय. पुढे रत्नागिरीला "आंबेऽऽ, हापूस आंबेऽऽ" आला आणि सकाळ झाली.

झोपायचं ते मांडीवरच, हा चिरंजीवांचा नियम. आता सातव्याच्या तोंडाशी मांडी उरते किती? ते समोरून बसून पाहतात, पोट आडवं येतं. मग बाजूने बसतात, घसरतात. शेवटी गुडघ्यापाशी टेकून डोकं पोटावर ठेवतात आणि आतून लाथ बसली की दचकून वर बघतात, माझ्याकडे, कारण त्यांच्या मते अशा गोष्टी मीच करतो. वहिनी पाय जरा लांब करते, पिशवी पायांखाली घेते, मांडी थोडी वाढवते. पायांना सूज होती, मी पाहिली होती.

"त्याला माझ्याकडे दे, वहिनी," मी म्हटलं.

"राहू दे. आता तीनेक महिनेच उरलेत त्याचे." आणि लगेच, "तुमच्या पँटला तूप लागलंय, ते बघा."

पहिल्या वेळी ती बाळाची काळजी करायची. बाळ हललं की दचकायची, नाही हललं की जास्त दचकायची. आता पोटातल्याबद्दल ती निर्धास्त आहे. सगळी धास्ती मांडीवरच्याची. त्याला नव्या बाळासाठी काढलेले त्याचे जुने कपडे कोणी दाखवू नका, "आता तू मोठा झालास" असं कोणी म्हणू नका, अशा सूचना तिने घरात सगळ्यांना एकेकट्याला गाठून दिल्या आहेत. मलाही मिळाली आहे. काकूंनी राजापूरच्या आसपास नेमकं तेच म्हणायला तोंड उघडलं, तर वहिनीने त्यांना आलेपाक दिला.

कुडाळला उतरलो तेव्हा डब्यात एक बूट राहिला होता. तो काकूंनी खिडकीतून टाकला, पुढच्या मुलाचा आशीर्वादही त्याच्याबरोबर टाकला. फलाटावर वहिनीची आई उभी होती. तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. "दमलंस काय गो?"

"मी नाय. ह्ये भावजी दमले."

माझ्या एका खांद्यावर चिरंजीव, दुसऱ्यावर ती नवी बॅग, हातात वाटी आणि शर्टावर रत्नागिरीच्या आंब्याचा रस. वहिनी तिची कापडी पिशवी काखेला लावून पुढे चालत होती. रिक्षापाशी ती थांबली. "भावजी, पुढच्या मेला दोघं असतील. यांना काही सुट्टी मिळायची नाही. तुम्हीच या बरं का सोबतीला."

"बघू," मी म्हटलं.