उणे दहा, म्हैसमाळ

आपल्या शहरात धड थंडी पडत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. डिसेंबरात चिकलठाण्याला पारा दहाच्या खाली घसरला की दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शहर गारठले’ येतं, सोबत शेकोटीचा फोटो. गारठतं कुठे? क्रांती चौकात माणसं डोक्याला कानटोपी आणि पायात सँडल अशा अवस्थेत चहा पीत उभी असतात. अशा गावात राहून ज्याला सायकलवर तंबू लादून हिंडायचा नाद लागतो, त्याची स्लीपिंग बॅग घेताना फार पंचाईत होते. शून्याच्या वरचा आकडा मागायला जीभ रेटत नाही.

‘उणे दहाची दाखवा,’ मी दुकानात म्हणालो.

‘सर, लडाख का?’

‘नाही, सध्या म्हैसमाळ.’

पोरगं चांगल्या घरचं असावं. हसलं नाही.

या बॅगांना आतून एक पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. युरोपात २००२ साली यासाठी एक मानक ठरलं, त्यातून ही मापं आली. कम्फर्ट म्हणजे ज्या थंडीत ‘प्रमाण स्त्री’ आरामात झोपते ती. लिमिट ही ‘प्रमाण पुरुषा’ची मर्यादा. हा पुरुष कोण, तर वय २५, उंची १.७३ मीटर, वजन ७३ किलो. अंगाचं मुटकुळं करून तो सलग आठ तास झोपतो. यातली एकही अट माझ्यात बसत नाही. आठ तासांची तर मुळीच नाही, प्रोस्टेट परवानगी देत नाही. तरीही कम्फर्टचा आकडा वाचणं मला कमीपणाचं वाटलं. बायकांसाठीचा आकडा बघून काय अंथरूण घ्यायचं? तिसरा एक्स्ट्रीम. त्यात हमी एवढीच, की प्रमाण स्त्री सहा तास गारठून मरणार नाही. बोटं हिमदंशाने गेली तर तो तिचा प्रश्न. काही स्वस्त बॅगांवर हाच आकडा सर्वांत ठळक छापतात आणि माझ्यासारखे नेमका तोच वाचून छाती फुगवतात.

मग वजन आलं. हंसा-बदकाच्या छातीवरच्या मऊ पिसांची, म्हणजे डाऊनची बॅग दाबली की मुठीएवढी होते आणि सोडली की फुगते. कृत्रिम धाग्यांची त्याच उबेसाठी जड आणि ऐसपैस असते. पण डाऊन ओली झाली की पिसांचा गोळा होतो आणि ऊब संपते. कृत्रिम धागा भिजूनही थोडीफार अब्रू राखतो. हे सगळं मी घरी सविस्तर मांडलं. सहाशे ग्रॅमची बचत, जास्तीचे बारा हजार.

‘अहो, सहाशे ग्रॅमच ना?’ बायको म्हणाली. ‘रात्रीचा भात सोडा. फुकटात होईल.’

वजनाचा विषय निघाला की मला इतिहास आठवतो, आणि इतिहास आठवला की बायको कुकर लावायला उठते. पण दौलताबादचा घाट चढताना, कागजीपुरा मागे टाकून खुलताबादेत शिरताना दुसरं आठवावं तरी काय? तिथे जो बादशहा पुरला आहे, त्याने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत काढली, बरीचशी तंबूत. म्हणजे कॅम्पिंगमधला आपल्या भागातला ज्येष्ठतम माणूस. मोगलांचा मुक्काम कसा असे, ते अबुल फजलने अकबराच्या काळात ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवलंय: एका मुक्कामाचं सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय तंबूंचे दोन संच. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना. आणि समोर कोण, तर घोड्यावर बसून जेवणारे आपले लोक! बखरी सांगतात, १६८९ मध्ये संताजी घोरपडे तुळापूरच्या छावणीत शिरला, शाही तंबूचे तणावे कापले आणि वरचे सोन्याचे कळस घेऊन गेला. त्या रात्री त्या स्वारांच्या खोगिरावर अंथरूण-पांघरूण म्हणून काय असेल? फार तर एखादी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ, टोचते भरपूर, पण भिजली तरी ऊब सोडत नाही. कुठली पट्टी आणि कुठला प्रमाण पुरुष! मी स्वतःला अर्थातच या हलक्या घोडदळाचा वारस समजतो. माझ्या खोगिरावर, म्हणजे कॅरिअरवर, दोन पॉवर बँका, हवेची उशी, कॉफी गाळायचं यंत्र आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो. संताजीने माझाही कळस नेला असता.

(आर. एल. स्टीव्हन्सन १८७८ मध्ये फ्रान्सच्या डोंगरांत हिंडायला गेला, तेव्हा त्याने आतून मेंढीच्या कातड्याची झोपायची पिशवी मुद्दाम शिवून घेतली. ती एवढी बोजड झाली, की वाहायला एक गाढव विकत घ्यावं लागलं. माझा तो खर्च वाचला.)

शेवटी कृत्रिम धाग्यांची, कम्फर्ट पाच अंशांची, किलोभर वजनाची घेतली. घरी विचारलं तर कम्फर्टचा आकडा सांगतो. सायकलच्या मित्रांना लिमिटचा. लग्नकार्यात एक्स्ट्रीमचा.

एका पहाटे कन्नडकडून येताना चहाला थांबलो होतो. शेजारी ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळी आणि गोधड्यांखाली माणसं. दिवाळीच्या आगेमागे आपल्या मराठवाड्यातून अशी लाखो माणसं निघतात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशोब. काखेत पोर घेतलेली एक बाई खाली उतरली आणि माझ्या हँडलला बांधलेली नारंगी गुंडाळी बघत म्हणाली, ‘दादा, ह्ये काय हाय?’

मी उत्साहाने उलगडून दाखवलं. चेन, टोपी, पायाकडची निमुळती शिवण. तिने कोपरापर्यंत हात आत घालून बघितला.

‘ऊब हाय. पर ह्याच्यात लेकरू कुठं घ्यायचं?’

मला काही बोलता येईना.

‘केवढ्याला?’

‘हजार रुपये,’ मी म्हणालो. हा आकडा पट्टीवरच्या कुठल्याच आकड्याइतका खरा नव्हता.

‘म्हाग हाय,’ ती म्हणाली आणि पोराला पदराखाली घेऊन परत ट्रॉलीत चढली.

त्या मानकातल्या प्रमाण स्त्रीला लेकरू नसतं. प्रमाण पुरुषालाही नसतं. पेपरात शहर गारठतं, फड कधी गारठत नाही. मी चहा दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा थंड करून प्यालो.

असो. कुणाला बॅग घ्यायचीच असेल तर सांगतो. म्हैसमाळ, शुलीभंजन, गौताळा, कुठेही डिसेंबर-जानेवारीत पाच अंश कम्फर्टची भरपूर झाली. आपल्या हिवाळ्यात पाऊस क्वचित, पण पहाटेचं दव तंबूच्या आतून टपकतं. म्हणून डाऊनच्या फंदात पडू नका. उरलेले पैसे मॅटवर घाला. अंगाखालचा थर आपल्याच वजनाने दबून चपटा होतो, तिथून ऊब राहत नाही आणि जमीन रात्रभर अंग गार करते. वजन माझ्यासारखं असेल तर अधिकच. दुकानात कम्फर्टचाच आकडा वाचा, लाजू नका. आणि म्हैसमाळला कधी भेट झालीच, तर माझ्या बॅगेची पट्टी बघायला मागू नका. ती मी कापून टाकली आहे.