अकरा वाजता, चाळीस फुटांवर

सेशेल्समधल्या अल्फोन्स बेटावर बोनफिश धरायला जगभरातले हौशी लाखो रुपये मोजून येतात. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. शेजारचा गाइड पुटपुटतो, ‘अकरा वाजता, चाळीस फुटांवर!’ घड्याळाचे आकडे म्हणजे दिशा, बारा म्हणजे नाकासमोर. मग पिसं-दोऱ्याची नकली कोळंबी भिरकावायची. मासा लागला की फोटो, आणि स्वारी परत पाण्यात.

“सोडला? मग कालवण कशाचं?” उल्हास नदीकाठच्या वांगणीत पहिला प्रश्न हाच येणार.

इथे पहिल्या दमदार पावसात उल्हासच्या ओढ्यांतून मासा अंडी घालायला उलटा चढतो. त्या वलगणीला बॅटरी, टोपली, जाळं घेऊन माणसं रात्रीच बांधावर हजर. अकरा वाजले की बारा, कोण बघतो! सकाळी मळे-शिंगटी पातेल्यात. गाभोळीची मादीही त्याच पातेल्यात जाते, यावर मात्र कुणी पुटपुटत नाही.

बेटावरचा मुक्कामही वांगणीला नवा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवासी, चहूकडे पाणी, सुटका रबरी बोटींतून. तिकीट कोल्हापूरचं होतं. बेटाचे वेगळे पैसे कुणी मागितले नाहीत.