खरं सांगायची सोय

यकृताच्या कुठल्याही संशोधनात पहिला प्रश्न ठरलेला. दारू घेता का? किती? किती वर्षं?

हाच प्रश्न चलथाणमध्ये विचारून बघा.

सुरत जिल्ह्यातलं, पलसाणा तालुक्यातलं हे गाव. साखर कारखाना, आसपास कापडाच्या मिला आणि गावातून जाणारी सुरत-भुसावळ लाइन. या लाइनीने निम्मा खान्देश सुरतेच्या अंगाला आणून सोडला. ऊसतोडीच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडची जोडपी पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, उतरतात. पोट हातावर, दुखणं अंगावर.

गुजरातेत दारूबंदी आहे, राज्य झालं त्या 1960 सालापासून. पिणं हा गुन्हा. मग शेजारी मुकादम उभा असताना ‘रोज एक क्वार्टर’ असं कोण सांगेल? ‘नाही साहेब, लग्नकार्यात कधीतरी.’ डॉक्टर तेच लिहून घेतात.

कागदावर निर्व्यसनी, सोनोग्राफीत यकृत सुजलेलं.

फॅटी लिव्हर दारूमुळे की दारूशिवाय, याची सीमा ठरलेली आहे. पुरुषाला दिवसाला 30 ग्रॅम अल्कोहोल, बाईला 20. सीमा ग्रॅममध्ये, उत्तर ‘कधीतरी’मध्ये. 2023 साली जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदललं आणि लठ्ठपणा-मधुमेहाबरोबर दारूही असलेल्यांचा वेगळा गट केला. चांगलं केलं. पण माणसाने तोंडच उघडलं नाही, तर त्याला त्या गटात बसवणार कसा?

मागच्या काही आठवड्यांचं पिणं दाखवणारी रक्ताची चाचणी आहे, म्हणेल कोणी. आहेच. पडावावरच्या मजुराची ती कोण करणार?

याच राज्यात चाळिशी उलटलेल्याला प्रकृतीच्या कारणावरून दारूचा परवाना काढता येतो. कोयता चालवणाऱ्याकडे पाहिलात कधी असा परवाना?

खरं उत्तर मिळालं की काय होतं, ते पुण्याने दाखवून दिलं आहे. एके काळी आपल्याकडे तान्ही मुलं यकृताच्या सिरॉसिसने जायची. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, मूल हाती लागायचं नाही. आजाराचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस’. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि विलायतेतले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचा या आजाराच्या कारणाचा शोध 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मग आजारी आणि निरोगी मुलांच्या आयांना नेमकं विचारलं गेलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, आणि ते कुठल्या भांड्यात तापवलं? 1987 मध्ये ती तुलनाही छापून आली. कल्हई नसलेली पितळेची, तांब्याची भांडी. त्यांतलं तांबं दुधात उतरायचं आणि बाळाच्या यकृतात साठत जायचं.

भांडी बदलली. आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

त्या आयांनी खरं सांगितलं, कारण पितळी पातेल्यासाठी पोलीस दारात येत नाही. संशोधकांची हुशारी मोठीच. पण त्या माउल्यांचं निर्भय उत्तर तेवढंच मोठं नाही का?

आता दुसरा प्रश्न. काही औषध घेता का? उत्तर पुन्हा ‘नाही’. गुळवेलीच्या काढ्याला औषध कोण म्हणतं? 2020 मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले यकृतदाहाचे 6 रुग्ण सापडले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. पुढे देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण नोंदवले. ते सापडले, कारण कोणीतरी ‘काढा घेता का?’ असं नाव घेऊन विचारलं.

विचारायची रीत चुकली की रोगाचं कारण हुकतं. आणि कारण हुकलं की मजूर काविळीची माळ गळ्यात घालून पुन्हा फडात उभा राहतो.

संशोधन कसं करावं, याच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमावलीत गोपनीयतेची हमी आहे. कागदावर आहे. पडावावर ती कोणी वाचून दाखवायची?

म्हणून सुरतेत बसून यकृताचा अभ्यास मांडणाऱ्यांकडे मागणं आहे. संमतीपत्र गुजरातीत असू द्या, मराठीतही द्या, आणि अहिराणीत, भिलीत बोलून समजावणारा माणूस सोबत न्या. पहिलंच वाक्य ‘तुझं उत्तर पोलिसाकडे जाणार नाही’ हे असू द्या. ते पाळा. मुकादमाला बाहेर बसवा. बायकोलाही वेगळं विचारा, तिच्याही यकृताचं.

मग विचारा, किती?