मोजणीदार चेट्टन

नेदरलँड्समध्ये, ॲम्स्टलव्हेनमधल्या आमच्या गल्लीत चेट्टन ओळखले जातात ते दोन गोष्टींसाठी: ओणमच्या सद्येचं, म्हणजे मेजवानीचं आमंत्रण आणि एक वाद. जगात जास्त ठिकाणी कोणती भाषा बोलतात, डच की मल्याळम? हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. पण उत्तर कायम तयार, आणि किराणाच्या पावतीच्या पाठीवर नकाशाही.

चेट्टन मूळचे त्रिशूरचे. मधली बरीच वर्षं चेंबूरला काढल्यामुळे माझ्याशी मराठीत बोलतात. "मोने, माणसं मोजायला नको," अशी सुरुवात. मोने म्हणजे बाळा. नको म्हणायचं आणि आकडा सांगायचाच: २०११च्या जनगणनेत मल्याळमवाले ३ कोटी ४८ लाख, आणि डचवाले जगभरचे मिळून अडीच कोटींच्या आसपास. "उगीच आजोबांना वाईट वाटेल. आपण जागा मोजू."

आजोबा म्हणजे समोरचे डच गृहस्थ, भूगोलाचे निवृत्त मास्तर. कॉफी देतात, सोबत एक बिस्किट देतात, डबा बंद करून कपाटात ठेवतात आणि मग वादाला बसतात. नेदरलँड्स, बेल्जियमचा उत्तर भाग, दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम, कॅरिबियनमधली अरुबा, क्युरासाव, साबा...

"थांबा!" चेट्टनचं बोट वर. "सरकारी कागद नको. घरात काय बोलतात?" अरुबा, क्युरासावमध्ये घरोघर पापियामेंतो, म्हणून बाद. साबात इंग्रजी, बाद. सुरिनाममध्ये सार्नामी आहे, स्रानान आहे, म्हणून अर्धा गुण. तिथे कितीतरी घरांत डचच बोलतात, हे आजोबांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. गुण अर्धाच राहतो. शेवटी चेट्टन स्वतःहून इंडोनेशियाचं नाव काढतात, केवळ तिथे डच उरली नाही हे सांगायला मिळावं म्हणून.

मग पाळी मल्याळमची, आणि नियम गुपचूप चपला घालून बाहेर निघून जातो. केरळ एक. लक्षद्वीप दोन. माहे तीन. माहे म्हणजे पुदुच्चेरीचा केरळात अडकलेला ९ चौरस किलोमीटरचा तुकडा. चेट्टनच्या पावतीवर तो बेल्जियमएवढा असतो. पुढे दुबई, शारजा, दोहा, मस्कत, कुवेत, प्रत्येकाचा गुण वेगळा.

"तिथे सरकारी कागदावर कुठे आहे मल्याळम?" आजोबा विचारतात.

"कागद नको असं ठरलं ना आपलं?"

पाठोपाठ चेंबूर येतं. त्यानंतर जगातली ज्या ज्या इस्पितळात केरळची नर्स आहे ती सगळी. एकदा आजोबांनी अभ्यास करून विचारलं, "लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर तर महल बोलतात ना?" चेट्टननी रिकामा कप तोंडाला लावला. मग म्हणाले, "एवढ्या लहान जागा मोजायच्या नसतात."

चेट्टनची मोजणी बसल्या जागी होत नाही, हेही सांगायला हवं. विमानतळ असो की दातांचा दवाखाना, रांगेत ओळखीचा हेल कानावर आला की हे वळलेच: "नाट्टिल एविडेया?" गावाकडे कुठले? समोरून कोट्टयम किंवा कण्णूर आलं की पाच मिनिटांत मामेभावाच्या सासुरवाडीपर्यंत पोचायचं. त्यांच्या पत्नी, आमच्या चेच्ची, तोवर सामान घेऊन पुढे गेलेल्या असतात. मी तापाने पडलो होतो तेव्हा कंजी आणि लोणच्याचा डबा घेऊन हेच आले, आणि माझ्या कपाळाला हात लावता लावता म्हणाले, "कालच्या यादीत ऑस्ट्रेलिया राहिलं."

या दोघांचं एकमत होतं ते फक्त ‘होर्तुस मलबारिकुस’वर. १६६३मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोची घेतलं. पुढे तिथला डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा हा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३, ॲम्स्टरडॅममध्ये छापलेले १२ खंड, चित्रांवर मल्याळी लिपीतही नावं, सुरुवात नारळापासून. हा विषय निघाला की डच हरले ती १७४१ची कुळच्चलची लढाईसुद्धा चेट्टन काढत नाहीत. "अर्धं तुमचं, अर्धं आमचं," म्हणतात, आणि आजोबा बिस्किटांचा डबा पुन्हा उघडतात.

परवा मलाही राहवलं नाही. बडोदे, तंजावर, इस्राएल अशी माझी मराठीची यादी पाठ असतेच. म्हटलं, त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचा मजकूर चक्क नागरीत छापलाय. म्हणजे थोडं आमचंही!

"लिपी नागरी," चेट्टन शांतपणे म्हणाले, "भाषा कोंकणी. मोने, कोंकणी मराठीच्या खात्यात टाकायची नाही. हिंमत असेल तर पणजीत उभा राहून बोलून दाखव."

आजोबांनी मान डोलावली. इतक्या दिवसांत चेट्टननी एक नियम निःपक्षपातीपणे लावला, तो नेमका माझ्यावर.