अंगापेक्षा जॅकेट मोठं

माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि तिचं वजन चौदा किलो आहे. गेल्या हिवाळ्यात कोकणातल्या एका जेट्टीवर मी हे दोन्ही आकडे तीन वेळा सांगितले. तिन्ही वेळा समोर आलं ते मोठ्या माणसाचंच लाईफ जॅकेट. तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचणारं. डाव्या बाजूचं बकल तुटलेलं होतं, तिथे निळी नायलॉनची दोरी होती. होडीवरच्या मुलाने ती दोरी तिच्या पोटाभोवती दोन वेढे देऊन घट्ट बांधली आणि म्हणाला, "झालं ताई. आता कुठे जात नाही."

त्याने ती मनापासून बांधली होती, म्हणून मी त्याच्यावर रागावले नाही. पण झालं नव्हतं, आणि तेच मला सांगायचं आहे.

पाण्यात पडल्यावर जॅकेटमधला फोम वर उसळतो आणि अंग खाली ओढलं जातं. जॅकेट छातीला नीट बसलेलं असेल तर अंगही त्याच्याबरोबर वर येतं. ढगळ असेल तर जॅकेट एकटंच वर येतं. लहान मुलाचे खांदे अरुंद, कंबर जवळजवळ नाहीच, म्हणजे जॅकेट अडून राहायला जागाच नाही. त्यात घाबरलेलं मूल हात वर करतं, आणि हात वर केले की ते खालून अलगद सुटतं. म्हणूनच लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा एक पट्टा असतो. मानेमागे जाड कॉलर असते, कारण लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि पाण्यात ते पुढे झुकून तोंड बुडतं. कॉलरला धरून वर ओढायला एक मूठही असते. हे काही शोभेचे जोड नाहीत. दोरीचे वेढे यातलं एकही काम करत नाहीत.

माप बरोबर आहे का, हे बघायला दहा सेकंद पुरतात. सगळे पट्टे लावायचे, जॅकेट दोन्ही खांद्यांवर धरायचं आणि वर उचलायचं. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकलं तर मोठं आहे. मी तिथेच उचललं. जॅकेट माझ्या हातात आलं आणि मुलगी फळीवर उभीच्या उभी राहिली. तिला हा खेळ वाटला, "परत कर" म्हणाली. मागून आवाज आला, "अहो, चला ना पुढे, भरती-ओहोटीचं बघायचं असतं त्यांना."

मग घरच्यांची पाळी. माझ्या आतेसासूबाई अतिशय मायेच्या आहेत. त्या म्हणाल्या, "मी मांडीवर घेऊन बसते ना, माझ्या हातातून कशी सुटेल?" त्यांच्या हातांवर माझा विश्वास आहे. पण होडी कलली की मांडीसुद्धा पाण्यात जाते, आणि आत्यांना स्वतःला पोहता येत नाही. दीर म्हणाले, "वहिनी, मी चांगला पोहतो. तिने हाक मारली की उडी मारतो." बुडणारं मूल हाक मारत नाही. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून हे लिहून ठेवलं आहे: श्वास घेण्याच्या धडपडीत आवाज काढायला सवडच नसते, हात हलवून बोलावता येत नाही, आणि पाण्यावर राहायला मिळतात ते २० ते ६० सेकंद. जवळ बसलेल्यांनाही कळत नाही. आपल्याला सिनेमातलं बुडणं पाहायची सवय आहे, ज्यात "वाचवा" असं स्पष्ट ऐकू येतं.

एवढ्यावर संपत नाही. कोणाला तरी फोटो हवा असतो आणि जॅकेटखाली नवा फ्रॉक झाकला जातो, म्हणून "दोनच मिनिटं काढा". कोणीतरी पोहण्याच्या तलावातले दंडाचे फुगे घेऊन येतं. ते एका बारीक भोकाने रिकामे होतात, आणि नाही झाले तरी तोंड पाण्याबाहेर धरत नाहीत. आणि वासाचं काय? याची तक्रार मुलं करतात आणि ती खरी आहे. दिवसभर एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जाणारं, खाऱ्या पाण्याने ओलं, न वाळवलेलं जॅकेट नाकाशी आलं की चार वर्षांचं मूल ते ढकलून देतं. एक दोरी बांधून जॅकेटं उन्हात टाकायला काहीच लागत नाही. त्याऐवजी मी ती बाकावर पसरून वर माणसं बसलेली पाहिली आहेत. रोज दाबला गेलेला फोम पुन्हा पुरता फुलत नाही, त्याची तरंगण्याची ताकद जाते. काही होड्यांवर ती छताखाली सुतळीने गच्च बांधलेली असतात. मोजायला आलेल्याला सोयीची, बुडणाऱ्याला हाती न लागणारी.

आणि या सगळ्यावर एक वाक्य असतं: "दहा मिनिटांचं तर अंतर आहे."

२१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यावर करमाळ्यातल्या कुगाव आणि इंदापुरातल्या कळाशी यांच्यामधलं अंतर रोजच्या येण्याजाण्याचंच होतं. वादळी वारा सुटला, होडी उलटली. सहा जण गेले, त्यात एकाच घरातले आई, वडील आणि त्यांची दोन लहान मुलं. ती सहलीची होडीही नव्हती, गावाला जायची वाट होती. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्यात, भर शहरातल्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली: १२ मुलं, २ शिक्षिका. केरळमध्ये तानूरला ७ मे २०२३ च्या संध्याकाळी २२ जण गेले, त्यातली १५ मुलं होती. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल ही प्रवासी होडी. परवाना ८४ प्रवाशांचा, चढले होते शंभरावर. नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, १५ जीव गेले. अंगात जॅकेट नव्हतं, असं वाचलेल्या अनेकांनी सांगितलं. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. ती हवीच होती.

पण सक्ती कोणत्या मापाच्या जॅकेटची? माझी तक्रार इथे येऊन थांबते. समुद्रावरच्या मोठ्या प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे. १५ किलोच्या आतल्या तान्ह्यांचं जॅकेट वेगळं, १५ ते ४३ किलोच्या मुलांचं वेगळं, त्यापुढचं मोठ्यांचं. प्रवाशांच्या संख्येच्या निदान दहा टक्के जॅकेटं मुलांच्या मापाची हवीत, आणि मुलं त्याहून जास्त असतील तर प्रत्येक मुलाला एक. आमच्या जेट्टीवरच्या फलकावर लिहिलं होतं, "लाईफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे." होडीत जेवढी माणसं बसतात तेवढी जॅकेटं होतीही. मोजली असती तर आकडा जुळला असता. माझ्या मुलीसाठी त्यात एकही नव्हतं.

लहान मूल येणार आहे हे तिथे कोणाला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. तिकिटाच्या खिडकीने तिचं वय विचारून अर्धं तिकीट फाडलं होतं. जिथे अर्धं तिकीट फाडलं जातं, तिथे अर्ध्या मापाचं जॅकेट मागणं मला अवाजवी वाटत नाही. खिडकीशेजारी एक साधा वजनकाटा, किराणा दुकानात असतो तसा, आणि तीन मापांच्या तीन खुंट्या, बस्स. वजन किलोत लिहिलेली पट्टी प्रत्येक चांगल्या जॅकेटच्या आत शिवलेलीच असते. ती वाचणारं माणूस तेवढं हवं.

त्या दिवशी बाकीचे गेले. मी आणि मुलगी उतरलो. होडी निघाली तेव्हा आत्या वळून वळून आमच्याकडे बघत होत्या, आणि सगळ्यांचा विरस मी केला याचं मला वाईट वाटत होतं. अजूनही वाटतं. दीड तास आम्ही जेट्टीच्या कठड्याशी बसलो. तिने कोकम सरबत प्यायलं, खेकडे मोजले, मग होडी जिथे गेली त्या किल्ल्याकडे बोट दाखवून विचारलं, आपण का नाही गेलो?

मी म्हटलं, "तुझ्या मापाचं जॅकेट नव्हतं."

"उद्या असेल?"

मी तिला घेऊन खिडकीशी गेले आणि तोच प्रश्न विचारला. आतल्या माणसाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे ढिगाकडे.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडे एकच साइज येते."