टोसा इनूला वर्ध्यात थारा नाही

आधी चांगली बातमी. वर्धा जिल्ह्याला टोसा इनूपासून कसलाही धोका नाही. सार्प्लानिनाकपासून नाही, आणि टोर्न्याक आर्वी-आष्टीकडे फिरकल्याचं तर कुणाच्या ऐकिवातही नाही. ऐकायला ही कपाशीच्या नव्या वाणांची नावं वाटतात, पण ती कुत्र्यांची आहेत. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागानं सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र धाडून कळवलं की, माणसाच्या जीवाला घातक अशा तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करा आणि जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा. यादी सवडीनं वाचण्यासारखी आहे. टोसा इनू तीत सुरुवातीला भेटतो आणि पुढे ‘जपानी टोसा’ असं नाव सांगून पुन्हा हजेरी लावतो; प्राणी एकच. मध्येच ‘टेरियर’ असा सुटा शब्द आहे. तो शब्दशः घेतला तर मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरसुद्धा मानवी जीवाला घातक ठरतो. कांगल, अकबाश, टोर्न्याक हे परमुलखातल्या मेंढपाळांचे कुत्रे, लांडग्यांपासून कळप राखणारे. त्यांचा आपल्याशी संबंध एवढाच की विभागानं त्यांच्यापासून आपल्याला वाचवलं. हे वाचवणं महिनाभरही टिकलं नाही. संबंधितांना न विचारताच परिपत्रक काढलं म्हणून १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. मागणी मात्र जिवंत आहे. कुठे पिटबुल चावल्याचा व्हिडिओ फिरला की ‘या जातींवर बंदी घाला’ हा संदेश वर्ध्याच्या व्हॉट्सॲप गटांवरही पहाटेच्या सुविचाराच्या आधी पोचतो.

आता आपल्याला प्रत्यक्षात चावतं कोण, ते पाहू. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे या बाबतीत तरी आपलं राज्य पुरोगामी आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातली मोकाट कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती. चावा घेतलेला माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर जखमेची श्रेणी लिहितात. चाटलं की ओरखडलं, दात लागले की रक्त आलं, हे विचारतात. कुत्र्याचं कुळ विचारत नाहीत, आणि विचारलं तरी सांगणार काय? हिंगणघाटच्या बस स्थानकातून रात्री उशिरा पायी निघालेल्याची पोटरी धरणारा तो बदामी रंगाचा, एक कान फाटका, शेपूट वर वळलेली. त्याच्याकडे केनेल क्लबचं प्रमाणपत्र नाही. त्याचा बाप मटण मार्केटच्या मागे राहत होता एवढंच गल्लीला ठाऊक असतं. पहाटे पेपर टाकणारी पोरं, सायकलवरून शिकवणीला जाणाऱ्या मुली, अंगणात रांगणारी लेकरं ही त्याची नेहमीची गिऱ्हाईकं. तेवीस नावांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याला नावच नाही.

परिपत्रकाची खरी खुबी इथे आहे. ज्या कुत्र्याचा मालक आपल्या वॉर्डात राहत नाही, त्याच्यावर बंदी घालण्याइतकं सुखाचं काम लोकशाहीत दुसरं नाही. समजा, उद्या एखाद्या नगरपरिषदेत ‘घातक जातींच्या श्वानांना शहरबंदी’ असा ठराव आला. सूचक मिळेल, अनुमोदक मिळेल, बाकं वाजतील, ठराव एकमतानं मंजूर होईल आणि दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून येईल. त्याच सभेत दुसरा ठराव ठेवून पाहा : शहरातल्या प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद, दरवर्षी रेबीजची लस, आणि दाराबाहेर मोकळा सोडला तर दंड. इथे सभागृहाला एकाएकी चहाची आठवण होईल. कारण रामनगरातल्या लॅबचा मालक मतदार आहे आणि गोंड प्लॉटमधल्या पामेरियनची मालकीणही मतदार आहे. ‘आमचाच आहे, पण रात्री बाहेरच असतो’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्या मोत्याची तर अख्खी गल्ली मालक आहे. पोळी टाकेपर्यंत तो सगळ्यांचा असतो; कुणाला चावला की त्याच क्षणी तो मोकाट होतो आणि नगरपरिषदेच्या खात्यावर जमा होतो. जातीवरच्या बंदीत असा कुणालाच त्रास नाही. ती परदेशी कुत्र्यावर असते आणि तिचा खर्चही नसतो.

बंदीवाले म्हणतात, काही जाती रक्तातूनच हिंस्र असतात. रक्ताचं काय, ते पाहिलं गेलं आहे. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाचा आणि त्यातल्या दोन हजारांवर कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. बाकीचा कशानं ठरतो? लहानपणी कुणी काठीनं झोडपलं का, दिवसभर साखळीला बांधून ठेवलं का, माणसांची सवय लावली का, अशा गोष्टींचा त्यात वाटा असतो. अर्थात, जन्मावरून स्वभाव ठरवण्याचा छंद आपल्याला माणसांच्या बाबतीतही जुनाच आहे. कुत्र्यांना त्यातून वगळलं नाही, हे समतेला धरूनच झालं. ब्रिटननं १९९१ साली पिटबुल, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चारांवर कायद्यानं बंदी घातली. पुढे यादीत नसलेला ‘एक्सएल बुली’ तिथे फोफावला, माणसं मेली आणि तीस वर्षांनी पाचवं नाव जोडावं लागलं. डिसेंबर २०२३ अखेरीस त्याची विक्री आणि पैदास बंद झाली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सूटपत्राशिवाय तो बाळगणं गुन्हा ठरला. पण एक्सएल बुली ओळखायचा कसा? सरकारी निकषांत पहिला आहे उंची : नराची खांद्यापाशी निदान वीस इंच. हीच पद्धत समुद्रपूर तालुक्यात आणली तर ग्रामसेवकाच्या हाती घरपट्टीच्या पावतीपुस्तकाबरोबर टेपही द्यावी लागेल आणि कुत्र्याला सांगावं लागेल की, साहेब मोजतायत, सरळ उभा राहा. नेदरलँड्सनं १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली होती. चावे काही कमी होईनात, म्हणून २००८ मध्ये ती उठवली.

बंदीचं पुढे काय होतं हे कळायला आपल्याला खरं तर लंडन-ॲमस्टरडॅमला जायचं कारण नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. ती कशी चालते यावर इथे जागा खर्चत नाही. वाचकांना पत्ते माहीत आहेत. दारूबंदी उठवा असं इथे सुचवायचं नाही. तो वेगळा वाद आहे आणि ज्यांचे संसार बाटलीत बुडाले त्या बाया त्यावर जे बोलतात ते आधी ऐकावं लागतं. मुद्दा एवढाच की, पन्नास वर्षांच्या या अनुभवानंतर निदान या जिल्ह्यानं तरी ‘बंदी घातली, प्रश्न मिटला’ असं म्हणू नये. माल बंद झाला की नाव बदलतो, भाव वाढतो आणि दाराआड जातो. दारूची बाटली दाराआड गेली तरी तिला लस टोचावी लागत नाही, कुत्र्याला लागते. पिटबुल ‘लॅब क्रॉस’ म्हणून विकला जाईल आणि पकडला जाण्याच्या भीतीनं मालक त्याला पशुवैद्यकाकडे नेणार नाही. लस नाही, नोंद नाही, बाहेरच्या माणसांची सवय नाही असा बलदंड कुत्रा मागच्या खोलीत वाढेल. घातक कुत्रा तयार करण्याची याहून खात्रीची कृती सापडणं कठीण आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गावठी कुत्रा चावला तर चार टाके पडतात. पिटबुलनं धरलं तर माणूस मरू शकतो. हे खरं आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलनं एका वृद्ध महिलेचा जीव घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला आणि पुढच्या वर्षी तिथल्या मंत्रिमंडळानं पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदीचा निर्णय घेतला. ज्या आईचं मूल गेलं तिला नऊ टक्क्यांचा अभ्यास वाचून दाखवण्याइतका निर्लज्जपणा या सदराकडे नाही. जबड्याची ताकद आणि वजन यांना नियम हवाच. पण तो नावाला नको. अमुक किलोच्या वरचा कोणताही कुत्रा, मग तो रॉटवायलर असो की आपल्याच मळ्यातला दांडगा, मुसक्याशिवाय रस्त्यावर येणार नाही, लहान मुलाच्या हाती साखळी दिली जाणार नाही, कुंपण तपासल्याशिवाय परवाना मिळणार नाही आणि त्यानं केलेल्या इजेचा विमा मालकाच्या खिशातून निघेल. या अटींत पिटबुल पाळणं इतकं महाग आणि कटकटीचं होईल की, केवळ रुबाबासाठी पाळणारे बुलेटचा सायलेन्सर बदलून समाधान मानतील. सध्या निष्काळजीपणानं प्राणी बाळगल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पाच हजारांत रॉटवायलरचं चांगलं पिल्लूही येत नाही.

आणि याच गोव्याची दुसरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती बातमीत येत नाही. २०२१ मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. त्याआधीची तीन वर्षं तिथे रेबीजनं एकही माणूस दगावला नव्हता. हे टोसाला हाकलून झालं नाही. दरवर्षी गल्लोगल्ली फिरून, जाळ्यांनी पकडून हजारो बेनाव कुत्र्यांना लस टोचून झालं. एकदा लक्षणं दिसू लागली की रेबीजवर इलाज नाही. देशात दरवर्षी यानं साडेपाच हजारांवर माणसं मरतात, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाचा अंदाज आहे. पोटात चौदा इंजेक्शनांचा जमाना संपूनही वीस वर्षं झाली. आता दंडातल्या चार-पाच खेपांत काम होतं. तरी आपल्याकडे जखमेत आधी मिरची-हळद भरतात. पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायला मात्र कुणाला वेळ नसतो.

दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा, आणि तो उलट बाजूनं येतो : रस्त्यावरच्या मुक्या जीवाला घास घालणं हाही गुन्हा का? ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की, खाऊ घालायचं तर कुत्रा दत्तक घ्या, घरी न्या. महिनाभरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. गांधी जिल्ह्यात या वादाला एक जुना, गैरसोयीचा साक्षीदार आहे. १९२६ साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं साठेक कुत्री मारवली. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याची बाजू घेतली आणि अहिंसावाद्यांच्या संतप्त पत्रांचा ढीग पडला. दहा वर्षांनी सेगावला राहायला आलेल्या या माणसाचं तेव्हाचं म्हणणं थोडक्यात असं : बेवारस कुत्री गावभर हिंडतात ही गावाची दया नव्हे, अज्ञान आणि आळस आहे, कुत्रा पाळायचा तर नीट पाळा, शिळा तुकडा फेकून पुण्य कमवू नका. मारण्याचा भाग आजच्या कायद्यात बसत नाही आणि बसवायची गरजही नाही, कारण आता लस आहे आणि शस्त्रक्रिया आहे. आळसाचा भाग मात्र शाबूत आहे. पिपरीच्या करुणाश्रमासारख्या ठिकाणी जखमी जनावरं नेऊन सोडणारे पुष्कळ. त्यांतले कितीजण नेहमी घास घालतात त्या कुत्रीला नसबंदीला नेतात, हे ज्यानं त्यानं आपल्या गल्लीत मोजावं. कुत्री वर्षाला दोनदा विते आणि करुणेला तेवढीच संधी वाढते.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकलं आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था, पशुवैद्यक, पिंजरे, शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवसांची देखभाल, लस, कानाला खाच, आणि मग जिथून उचललं तिथेच सोडणं, असा हा व्याप आहे. शहरातली सत्तरेक टक्के कुत्री थोड्या काळात उरकली तरच संख्या उतरते. वर्षाला पंचवीस कुत्र्यांची नसबंदी करून फोटो काढले तर फक्त फोटोंची संख्या वाढते. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ ला आणखी पुढे जाऊन सांगितलं की शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका. हलवून ठेवायचं कुठे, याचं उत्तर परिपत्रकानं देता येत नाही. त्याला जागा, भिंत, पाण्याचा नळ आणि पगारी माणूस लागतो. प्रशासकांची कित्येक वर्षांची राजवट संपवून डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यामुळे विचारायला आता नगरसेवकही आहेत. त्यांच्याकडे ‘घातक जातींवर बंदी’चं निवेदन घेऊन जाणाऱ्यांनी जाता जाता एवढं करावं : अंदाजपत्रकात श्वान निर्बीजीकरणाचं शीर्षक कुठल्या पानावर आहे ते विचारावं, आणि सापडलंच तर त्यापुढचा आकडा स्वागतकमानींच्या आकड्याशेजारी लिहून घ्यावा.