हाय की अजून

नवी वस्तू विकत आणणं म्हणजे आपली हार, असं मानणारी माणसं आमच्या भागात पुष्कळ आहेत. बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागा. काटेवाडी, भवानीनगर, सणसर ओलांडताना दोन्ही बाजूंना उसात बुडालेल्या वस्त्या दिसतात, तिथं वस्तीगणिक असा एक तरी भेटेल. त्याच्या गोठ्याच्या आढ्याला सायकलच्या ट्यूबा, तुटके पट्टे आणि तारेची वेटोळी लटकत असतात. त्यातलं काय कशाला लागेल हे त्यालाही ठाऊक नसतं, पण काही टाकायला गेलात तर हात धरेल.

आमचे तात्या त्या जातकुळीतले. साखर कारखान्यात उभी हयात घालवली, आता निवृत्त होऊन वस्तीवर असतात. दिवसातून किती वेळा म्हणतात ते मोजत बसायला नको, पण त्यांचं वाक्य ठरलेलं आहे. "नवं कशाला? हाय की अजून." एकीचा दांडा आणि दुसरीचं कापड असलेल्या छत्रीबद्दल हे वाक्य येतं, डांबर लावून चालवलेल्या बादलीबद्दल येतं, अंगठ्याला शिवण मारलेल्या चपलेबद्दलही येतं. इथवर ठीक आहे. पण टीव्हीचा रिमोट हरवला, चार दिवस कुणाच्या दृष्टीस पडला नाही, तरी तात्या म्हणतात, "हाय की अजून." आता जो नाहीच, तो आहे कसा? यावर त्यांचं उत्तर तयार असतं. "मेलेल्या माणसाचं सामान वाटून टाकत्यात. हरवलेल्याचं न्हाय. त्याची वाट बघत्यात."

लोक त्यांना चिक्कू म्हणतात, ते मला पटत नाही. पालखीच्या दिवसांत ह्याच माणसाच्या ओट्यावर भाकरीच्या चळती लागतात आणि तिथं तात्या भाकरी मोजत नाहीत. मोजतात ते फक्त सेल.

ह्या स्वभावाची मुळं जुनी आहेत. 1987 साली रामायण सुरू झालं तेव्हा वस्तीवरचा पहिला टीव्ही तात्यांनी आणला. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. वर्षाच्या आत त्याच्या आवाजाचं बटण तुटलं आणि आतला लोखंडी दांडा तेवढा राहिला. दुसऱ्या कुणी मेकॅनिक बोलावला असता. तात्यांनी सुतळीनं पकड बांधून टीव्हीच्या शेजारी खिळ्याला लटकवली. दूरदर्शन सोडून दुसरं काही दिसत नव्हतंच, तेव्हा फिरवण्यासारखा होता फक्त आवाज, आणि तो पकडीनं झकास फिरायचा. अडचण एवढीच, की विहिरीवरची मोटर बिघडली की पकड तिकडं जायची. मग ज्या पट्टीत राहिला असेल त्या पट्टीत आवाज, आणि सायंकाळच्या बातम्या ओढ्यापलीकडच्या वस्तीलाही ऐकाव्या लागत. "काल मोटर बंद हुती वाटतं तुमची," असं तिकडची माणसं दुसऱ्या दिवशी विचारायची.

पुढं रंगीत टीव्ही आला, त्याबरोबर आयुष्यातला पहिला रिमोट आला, आणि तात्यांच्या सेवेला खरा बहर आला. रिमोट आला त्या दिवशी त्यावर जे प्लॅस्टिक होतं, ते शेवटपर्यंत निघालं नाही. आतले आकडे पुसले, वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलं, तरी बटणं अंदाजानं दाबायची. मागचं झाकण कुठंतरी पडलं, तिथं रबर आलं. सेल संपत आले की त्यांचे उपचार सुरू व्हायचे. आधी रिमोट तळहातावर आपटायचा. मग सेल जागच्या जागी अंगठ्यानं फिरवायचे. मग अदलाबदल, वरचा खाली, खालचा वर. मग दाराच्या उंबऱ्यावर उन्हात. एवढं करून धुगधुगी आली की तात्या सगळ्यांकडं असं बघायचे, की आपणच सेल फुकट घालवायला निघालो होतो असं वाटावं. अगदीच हरले तर भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणायचे. त्यामुळं त्यांच्या घरात एक तर टीव्ही चालायचा नाहीतर वेळ कळायची. काकू म्हणायच्या, "अवो, किती वाजलं ते तरी बघू द्या." तात्या म्हणायचे, "बातम्या लागल्या म्हंजी सात वाजलं."

सध्याचा टीव्ही धाकट्या मुलानं पुण्याहून आणलेला, मोठा, भिंतीला चिकटवलेला. नातवाचा हात पोचू नये म्हणून इतका उंच लावलाय, की आता तात्यांचाही पोचत नाही. त्याला रिमोट दोन, एक टीव्हीचा आणि एक बॉक्सचा. पहिल्यानं टीव्ही चालू करायचा, दुसऱ्यानं चॅनेल बदलायचं. त्यातला पहिला हरवला.

हरवला तो पालखीत. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण करते आणि सणसरला मुक्कामी येते, तेव्हा आमच्याकडचं कुठलंच घर फक्त घरच्यांचं उरत नाही. पडवीत, ओट्यावर, माळवदावर वळकट्या. तात्यांच्या घरात त्या रात्री एक दिंडी उतरली होती. पहाटे मंडळी आवरून बेलवाडीच्या रिंगणाकडं गेली, आणि दुपारी बातम्या लावायला गेलेल्या तात्यांच्या हाती नुसता बॉक्सचा रिमोट आला. काकूंनी गाद्या झटकल्या, गोधड्यांच्या घड्या उलगडल्या, पिठाचा डबा हलवून बघितला. नातवाला दम दिला, तो रडला, म्हणजे त्यानं घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन आला. निमगाव केतकीहून, एका वारकरी बाईंचा. "माउली, तुमचं यंतर आमच्या वळकटीत आलंय. शाल समजून गुंडाळलं त्यात ऱ्हायलं." इंदापूरला मुक्कामात येऊन घेऊन जा, असं त्या म्हणत होत्या. काकूंचा जीव भांड्यात पडला. तात्या मात्र विचारात पडले, आणि म्हणाले, "आता निघालाय तर मधनं माघारी कशाला आणायचा? पंढरी करून येऊ दे."

आणि खरंच नाही आणला. इंदापूर गेलं, सराटी गेलं, नीरा ओलांडून रिमोट अकलूजला पोचला. इकडं घरात मालिका अडल्या.

मालिका अडल्या म्हटल्यावर तात्यांमधला कारखान्याचा माणूस जागा झाला. टीव्हीच्या खालच्या कडेला, कंपनीच्या नावाच्या मागं, एक बारीकसं बटण असतं. एकदा दाबलं की मेनू, पुन्हा दाबलं की पुढं सरकतं, धरून ठेवलं की निवडतं किंवा बंद होतं. हे मुलानं फोनवर सांगितलं. पण तिथवर हात पोचणार कसा? तात्यांनी शेतातनं ऊस आणला. कॉटवर उताणं पडून उसाच्या शेंड्यानं ते बटण दाबायला ते शिकले. आधी 265 जातीचा ऊस आणला होता, पण त्यांचा सगळा विश्वास 86032 वर. "सरळ असतोय," म्हणाले. आषाढातला ऊस कोवळा, त्याला कसली गोडी, पण नातवाला ते कोण सांगणार. संध्याकाळच्या बातम्या झाल्या की तो रिमोट सोलून खायचा. दुसऱ्या दिवशी तात्या नवीन तोडून आणायचे. नवीन वस्तू आणायला त्यांनी हरकत घेतली नाही असा हा एकच प्रसंग.

मग जावई आले. त्यांच्या मोबाईलच्या वरच्या कडेला काळा ठिपका आहे, तो रिमोटचं काम करतो. त्यांनी फोन टीव्हीकडं रोखला, कंपनी निवडली आणि टीव्ही चालू करून दाखवला. तात्यांनी जावयाचा असा मान लग्नातही ठेवला नव्हता. "ऱ्हावा की आणखी दोन दिवस," असा आग्रह झाला. काकूंनी चिलापीचं कालवण केलं, भिगवणहून मासळी मागवून. जावयांना वाटलं, सासऱ्याचा लोभ वाढला. ते गेले तसा टीव्ही पुन्हा उसावर आला.

मुलाचा सल्ला वेगळाच. मोबाईलवर ॲप घ्यायचं, ते वायफायवरनं टीव्हीला जोडायचं, की मोबाईलच रिमोट. तात्यांनी लक्ष देऊन ऐकलं. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर पाहिजेत. ठीक. टीव्हीला वायफाय जोडलंय का? नाही. मग ते जोडायचं कशानं? रिमोटनं. तात्या हसले आणि फोन काकूंकडं दिला. पुढं नातवाच्या कॉम्प्युटरचा माउस टीव्हीच्या मागच्या यूएसबीत खुपसला, तर पडद्यावर बाण उमटला. आता तात्या पोटावर पुस्तक, पुस्तकावर माउस, असे पडून बाण हलवायचे. वायर आखूड म्हणून कॉट भिंतीला लावली. मान वर करून टीव्ही बघावा लागायचा, आणि मान धरली.

मी त्यांना एकदा म्हटलं, "तात्या, दीड किलोमीटरवरची विहिरीवरची मोटर तुम्ही घरी बसून फोनवर चालू करता, आणि दहा फुटांवरचा टीव्ही तुम्हाला चालू होत नाही?" मोबाईल स्टार्टर बसवल्यापासून रात्रीची लाइट आली की तात्या अंथरुणातनं मोटर सुरू करतात. ते म्हणाले, "मोटर पोटाची हाय. टीव्हीला थोडी कळ काढता येतीया."

त्यांना बरं वाटावं म्हणून रिमोटचा इतिहास सांगितला. 1955 मध्ये अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बॅटरीसारखा उजेड मारायचा रिमोट काढला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारी सोय होती, पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्या मनानंच चॅनेल बदलायचा. मग 1956 मध्ये त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲडलर यांनी दुसरा आणला. त्यात सेलच नव्हते. बटण दाबलं की आतली बारीक हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा आवाज निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. इथं तात्या उठून बसले.

"सेल न्हाय?"

"नाही."

"कायमचं?"

"कायमचं."

"मग बंद का केला?"

मी सांगितलं की नंतर इन्फ्रारेड आलं, ते स्वस्त पडलं, त्यात बटणंही जास्त बसली. तात्यांनी मान हलवली. "तिकडंबी उधळीच माणसं," म्हणाले.

हे इन्फ्रारेड म्हणजे काय ते त्यांना पटवायला मी बॉक्सचा रिमोट घेतला आणि मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरला. बटण दाबलं की स्क्रीनवर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकतो. डोळ्यांनी बघितलं तर काहीच नाही. रिमोट चालतोय की नाही हे ओळखायची ही साधी पद्धत आहे. पण तात्यांनी तिचं कीर्तन केलं. वस्तीवर जो येईल त्याला रिमोट आणि मोबाईल घेऊन बसवायचं. "डोळ्याला दिसतंय का? न्हाय. पर हाय का न्हाय? हाय." एका माळकऱ्यानं तर हे बघून हात जोडले.

एवढं सगळं चालू असताना काकू गुरुवारच्या बाजाराला बारामतीला गेल्या आणि कुणाला न सांगता दुकानातनं सगळ्या कंपन्यांना चालणारा रिमोट घेऊन आल्या. दुकानदारानं कोडचा कागद दिला होता. कागद बाजूला ठेवून त्यांनी बटण धरून ठेवलं. रिमोट एकेक कोड टीव्हीला पाठवत गेला आणि बऱ्याच वेळानं टीव्ही चालू झाला. तात्या बघत होते. कौतुकही वाटत होतं आणि घरात फितुरी झाल्यासारखंही. त्यांनी त्या रिमोटला शेवटपर्यंत हात लावला नाही. काकू चॅनेल लावणार, तात्या बघणार, असा तह झाला.

आषाढी झाली. बाईंचा फोन आला, की टेम्पोनं माघारी निघालोय, इंदापूरच्या स्टँडवर थांबतो. तात्या मला घेऊन मोटारसायकलवर निघाले. जाण्यायेण्याच्या पेट्रोलात नवा रिमोट आला असता, हे मी गाडीवर बोललो, आणि वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही. बाईंनी पिशवीतनं चुरमुऱ्याची पुडी काढली, बुक्का काढला आणि शालीच्या तुकड्यात गुंडाळलेला रिमोट काढला. मग जरा अवघडून म्हणाल्या, "माउली, सेल तेवढं बॅटरीला घातलं. तळावर अंधार असतोय."

सेल म्हटल्यावर मी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. तात्यांनी वाकून बाईंच्या पाया पडायला घेतलं, बाई मागं सरकल्या आणि त्यांनीच तात्यांचे पाय धरले. "सत्कारणी लागलं," तात्या म्हणाले. येताना निमगाव केतकीला थांबून त्यांनी विड्याची पानं घेतली, शिवाय दुकानात जाऊन नवे सेल घेतले. दोन. पैसे त्यांनीच दिले. मी काही बोललो नाही.

यंदा पालखी यायच्या आदल्या दिवशी काकूंनी घरातल्या किमती वस्तू कपाटात ठेवल्या. दागिने, मोबाईलचे चार्जर आणि टीव्हीचा रिमोट. तात्यांनी कपाट उघडलं, रिमोट काढला आणि ओट्यावर, जिथं वळकट्या पडतात तिथं, नेऊन ठेवला.

"अवो, पुन्ना जाईल ना त्यो."

"एक वारी झालीया त्याची. आता खंड पाडायचा व्हय?"